अंगारा कोणाला लावायचा?

इच्छापोरच्या आपल्या बिऱ्हाडांना ना वाडा, ना परसातली विहीर. तरी गूढकथा वाचल्यावर दिवा मालवायला हात धजत नाही. नारायण धारपांचे ‘समर्थ’ पिशाच्चाचा बंदोबस्त करतात आणि आपण निर्धास्त झोपतो. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये (१८९८) असा तारणहार नाही. दोन अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेला भुते दिसतात. दुसरे कोणीच ती पाहिल्याचे कबूल करत नाही. तिचे खरे मानले, तर मुले संकटात. भास मानला, तरी संकटातच, कारण मुले त्या बाईच्याच स्वाधीन! अंगारा लावायचा कोणाला? रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) ही शंका मराठी मध्यमवर्गीय घरात, आपल्याच माणसांत आणून बसवली. धारप मला प्रिय. पण पुन्हा उघडावेसे वाटते ते मतकरींचे पुस्तक, तेही दिवसाढवळ्या.