बारसू-सोलगाव रिफायनरीविरोधी आंदोलन

बारसू-सोलगाव रिफायनरीविरोधी आंदोलन हे रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात प्रस्तावित असलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या विरोधात स्थानिक ग्रामस्थांनी उभारलेले आंदोलन आहे. बारसू, सोलगाव, देवाचे गोठणे, गोवळ, शिवणे, धोपेश्वर इत्यादी गावांलगतचा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे पठार, प्रकल्पासाठी दिला जाऊ नये, ही आंदोलकांची मुख्य मागणी आहे. शासनाच्या दृष्टीने पडीक असलेली ही जमीन ग्रामस्थांच्या दृष्टीने चराई, पाणी आणि उपजीविका यांचा आधार आहे. वादाचे मूळ या दृष्टिभेदात आहे.

पार्श्वभूमी

इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या सार्वजनिक क्षेत्रातील तीन कंपन्यांनी २०१७ मध्ये 'रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन केली. वार्षिक ६ कोटी टन क्षमतेच्या या प्रकल्पाचा खर्च सुमारे ३ लाख कोटी रुपये अंदाजण्यात आला होता. सौदी अरामको आणि अबू धाबीची ॲडनॉक या कंपन्यांनी २०१८ मध्ये त्यात भागीदारीची तयारी दर्शविली. प्रकल्पासाठी प्रथम राजापूर तालुक्यातील नाणार परिसर निवडण्यात आला होता. तेथील आंबा-काजू बागायतदार, शेतकरी व मच्छीमार यांनी तीव्र विरोध केला आणि मार्च २०१९ मध्ये राज्य शासनाने भूसंपादनाची अधिसूचना रद्द केली.

जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसू परिसरातील सुमारे १३,००० एकर जमिनीचा पर्याय सुचविला. यातील सुमारे ९० टक्के जमीन पडीक असून तेथे वस्ती नाही, असे पत्रात नमूद होते. पुढे सत्तांतर झाल्यानंतर, मे २०२३ मध्ये ठाकरे यांनी बारसूला भेट देऊन ग्रामस्थांना पाठिंबा दिला.

सड्याचे स्वरूप

कोकणातील सडे उन्हाळ्यात काळवंडलेले व उजाड दिसतात. माती अत्यंत कमी असल्याने मोठी झाडे विरळ असतात. सातबारा उताऱ्यावर अशा लागवडीस अयोग्य क्षेत्राची नोंद 'पोटखराबा' म्हणून होते, तर राष्ट्रीय पडीक जमीन नकाशावलीत खडकाळ व ओसाड जमिनीचा स्वतंत्र वर्ग आहे.

पावसाळ्यात मात्र हे चित्र पालटते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खडकातील उथळ खळग्यांत डबकी साचतात आणि गवताबरोबर गेंद, सीतेची आसवे, कवला, तेरडा यांसारख्या अल्पायुषी वनस्पती फुलतात. दीपकाडी कोकणी ही कोकणापुरतीच मर्यादित असलेली कंदवर्गीय वनस्पती रत्नागिरीच्या सड्यांवर पावसाच्या आरंभी फुलते. गुरांची चराई आणि गवताची कापणी यांसाठी आसपासच्या वाड्या सड्यावर अवलंबून असतात.

जांभा खडक सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडते आणि पठाराच्या उतारावर व पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पायथ्याच्या वस्त्यांतील विहिरी व बागा या पाण्यावर जगतात. त्यामुळे सड्याचा पृष्ठभाग बांधकामाने झाकला गेल्यास त्याचा परिणाम सड्यावर न राहणाऱ्या कुटुंबांवरही होऊ शकतो.

कातळशिल्पे

बारसू व देवाचे गोठणे येथील सड्यांवर प्रागैतिहासिक कातळशिल्पे आहेत. बारसू येथील एका शिल्पात दोन वाघसदृश प्राण्यांच्या मध्ये उभी असलेली मानवाकृती दिसते. जिल्ह्यातील कातळशिल्पांच्या शोधात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील सात स्थळे असून बारसू आणि देवाचे गोठणे ही त्यांपैकी दोन होत. या शिल्पांमुळे हा प्रश्न पर्यावरणाबरोबरच पुरातत्त्वीय वारशाचाही झाला.

आंदोलन

विरोधासाठी 'बारसू-सोलगाव पंचक्रोशी रिफायनरी विरोधी संघटना' स्थापन झाली. परिसरातील काही ग्रामपंचायतींच्या ग्रामसभांनी प्रकल्पाच्या विरोधात ठराव केले. रिफायनरीसंबंधी वार्तांकन करणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वाहनाने धडक दिली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवून विशेष तपास पथक नेमण्यात आले.

एप्रिल २०२३ च्या अखेरच्या आठवड्यात बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी कूपनलिका खोदण्यास सुरुवात झाली. ऐन उन्हाळ्यात ग्रामस्थांनी सड्यावर ठिय्या दिला. महिलांनी वाहनांसमोर रस्त्यावर झोपून सर्वेक्षण रोखण्याचा प्रयत्न केला. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, शंभरहून अधिक आंदोलकांना ताब्यात घेतले आणि काही कार्यकर्त्यांना परिसरात येण्यास मनाई केली. २८ एप्रिल रोजी जमाव पांगविण्यासाठी अश्रुधुराचा वापर झाला. लाठीमार झाल्याचा आरोप आंदोलकांनी केला, तर शासनाने तो फेटाळला.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

प्रकल्पाचे समर्थक रोजगारनिर्मितीवर भर देतात. कोकणातील तरुणांना नोकरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई गाठावी लागते, हे वास्तव त्यांच्या युक्तिवादाच्या मुळाशी आहे. गावे विस्थापित होणार नाहीत आणि कातळशिल्पांचे क्षेत्र वगळले जाईल, अशी ग्वाही शासनातर्फे देण्यात आली.

विरोधकांच्या मते, शिल्पांभोवती मोकळी जागा राखल्याने सडा वाचत नाही; झिरपणारे पाणी, चराई आणि वनस्पती संपूर्ण पठाराशी निगडित आहेत. हवा व पाण्याच्या प्रदूषणामुळे आंबा, काजू आणि मासेमारी धोक्यात येईल, अशीही त्यांची भूमिका आहे. बाहेरील व्यक्तींनी आधीच जमिनी खरेदी केल्याने जमीनमालकांची संमती आणि गावाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात, याकडे ते लक्ष वेधतात.

महत्त्व

पर्यावरणाच्या चळवळी बहुधा वृक्षतोडीच्या विरोधात उभ्या राहतात. मुंबईतील आरे हे त्याचे परिचित उदाहरण. बारसूमध्ये वाचवायचे आहे ते वर्षातील बराच काळ ओसाड दिसणारे पठार. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाकडे रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील विकासकामांच्या एकत्रित परिणामांचा विचार सोपविण्यात आला होता. या गटाने २०११ च्या अहवालात विकासाच्या निर्णयांत ग्रामसभांना स्थान देण्याचा आग्रह धरला. एखादी जमीन पडीक आहे की नाही हे ठरविताना तिचा वापर करणाऱ्यांचे म्हणणे विचारात घ्यावे, हाच मुद्दा बारसूच्या आंदोलनाने पुन्हा ऐरणीवर आणला.