निशाण वर, माणूस खाली

रस्त्यात मागून मोटार आली तर आपण वळून न बघताच बाजूला होतो. आवाज कोणत्या अंगाने येतो आहे हे कानच सांगतात. पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात पंधरा-वीस मीटर खोल पोहणाऱ्या स्कूबा पाणबुड्याला मात्र ही सोय नसते. वरून जाणाऱ्या यांत्रिक होडीची घरघर त्याला स्पष्ट ऐकू येते, पण ती कोठून येते ते काही केल्या उमगत नाही.

असे का व्हावे? आपले दोन कान साधारण २० सेंटिमीटर अंतरावर आहेत. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे उजवीकडचा आवाज डाव्या कानाला सुमारे ०.६ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. तेथे हा फरक उरतो जेमतेम ०.१३ मिलिसेकंद. मग आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो.

आता एक गणित करून पाहू. वर येताना पाणबुड्याने मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा घाई करू नये, असे शिकवतात. म्हणजे शेवटचे ५ मीटर चढायला त्याला ३३ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटर वेगाची होडी ३७० मीटर अंतर कापते. त्याने वर पाहिले तेव्हा दृष्टीच्या टप्प्यातही नसलेली होडी तो डोके बाहेर काढतो त्याच क्षणी डोक्यावर असू शकते, आणि होडीचा पंखा काय करतो हे सांगायला नको. पाणबुड्याला होडी चुकवता येत नाही. होडीवाल्यानेच त्याला चुकवायला हवे, आणि त्यासाठी खाली माणूस आहे हे त्याला दिसायला हवे.

यासाठी दोन निशाणे वापरतात. लाल कापडावर तिरपा पांढरा पट्टा असलेले निशाण अमेरिकेत १९५०च्या दशकात रूढ झाले. दुसरे जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतातले ‘ए’ अक्षराचे, अर्धे पांढरे, अर्धे निळे. ते होडीवर लावतात. ‘माझा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा आणि हळू जा’ असा त्याचा अर्थ. पण पाणबुडे होडीपासून लांब गेले तर? तेव्हा निशाणच बोयावर लावून दोराने सोबत ओढत न्यायचे. जाळे कोठे आहे ते कळावे म्हणून आपले कोळी बोया सोडतात, तसेच हे. फरक इतकाच की हा बोया चालता असतो.

अमेरिकेत फ्लॉरिडाच्या आग्नेय किनाऱ्याजवळून गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह उत्तरेकडे वाहतो. तेथे पाणबुडे प्रवाहाविरुद्ध पोहत नाहीत, त्याच्याबरोबर वाहत जातात. गटातला एक जण दोराचे रीळ धरतो आणि होडी त्या निशाणामागून हळूहळू येत राहते. येथे सापेक्ष गतीचा सुंदर धडा मिळतो. पाणबुडा, दोर आणि बोया एकाच वेगाने वाहत असतील तर दोर जवळजवळ उभा राहतो आणि हाताला ओढ जाणवत नाही. पण एखादा मासा बघायला त्याने खडक धरला की गेलाच! तो थांबतो, बोया मात्र वाहू पाहतो आणि हाताला जोरदार हिसका बसतो.

ही ओढ बोयाचीच, असे आपल्याला वाटते. पण ३० मीटर लांब आणि ४ मिलिमीटर जाड दोराचा पाण्याला अडवणारा पृष्ठभाग किती होतो? ३० × ०.००४ = ०.१२ चौरस मीटर, म्हणजे ४० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद ताटाएवढा! सेकंदाला अर्धा मीटर वेगाचे पाणी आडवे आले तर नुसत्या दोरावर सुमारे दोन किलो वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. दोराची जाडी निम्मी केली तर जोरही निम्मा होतो. म्हणून रिळावर बारीक पण मजबूत दोर गुंडाळतात.

दोर किती सोडायचा हा खरा कौशल्याचा भाग. खोली १५ मीटर आणि सोडलेला दोर २५ मीटर असेल, तर पायथागोरसच्या नियमाने निशाण २० मीटर बाजूला भरकटू शकते. मग ते ज्या जागेची खूण करते तेथे पाणबुडा नसतोच. शिवाय सैल दोराचे फास पडतात आणि ते टाकीच्या तोटीत किंवा प्रवाळात अडकतात. अगदी ताठ ठेवला तर लाटेबरोबर हात वरखाली ओढला जातो आणि बोया पाण्याखाली बुडू लागतो. म्हणून खोलीपेक्षा थोडाच जास्त दोर सोडावा आणि वर येताना तो सतत गुंडाळत राहावे. दोर अंगाला बांधायचा मात्र कधीच नाही. एखाद्या होडीने बोया ओढून नेला तर रीळ हातातून सोडता आले पाहिजे. निशाण गेले तर गेले. श्वास रोखलेल्या माणसाला झपाट्याने वर खेचले तर फुप्फुसातली हवा बॉइलच्या नियमाने फुगते. १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना ती दुप्पट होते आणि फुप्फुस फाटू शकते.

बोयाची आणखी एक गोष्ट वर्गात करून दाखवण्यासारखी आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुचात काडी आणि काडीला कागदी निशाण लावून ती पाण्यात सोडा. ती लगेच आडवी होईल. आता बाटलीच्या तळाला बाहेरून दोरीने एक दगड लटकवा. गुरुत्वमध्य खाली गेला की निशाण उभे राहते. खऱ्या बोयाच्या काठीला खाली शिशाचे वजन असते ते याचसाठी. वारा नसतानाही कापड पसरलेले राहावे म्हणून त्यात ताठ तारही घालतात.

फ्लॉरिडाच्या कायद्याप्रमाणे होडीवाल्यांनी खुल्या समुद्रात निशाणापासून ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि नदीत किंवा खाडीच्या मुखाशी १०० फूट दूर राहण्याचा प्रयत्न करायचा असतो. त्याहून जवळ जावेच लागले तर अगदी मंद गतीने. पाणबुड्यांनीही निशाणापासून तेवढ्याच अंतराच्या आत राहायचे. आणखी एक कलम थोडे मजेदार वाटेल. सगळे पाणबुडे वर आले की निशाण उतरवलेच पाहिजे. रिकाम्या पाण्यावर ते फडकताना रोज दिसले, तर होडीवाले एक दिवस त्याच्याकडे पाहायचेच सोडून देतील.