शंखवासी अतिथि

अमेरिकेंत समुद्रकांठच्या दुकानांतून संन्यासी खेकडा मुलांचें खेळणें म्हणून विकला जातो. वस्तुतः त्याच्या प्रजातीचें शास्त्रीय नांव ‘सिनोबिटा’, म्हणजे मठांत समुदायानें राहणारा यति! तेव्हां एकटा खेकडा पाळूं नये. निवडतांना सर्व पाय शाबूत असलेला, चपळ व दुर्गंधरहित असा घ्यावा. रंगविलेल्या शंखांतला टाळावा.

हा प्राणी जमिनीवर वावरतो खरा, पण श्वास कल्ल्यांनींच घेतो. ते सुकले कीं तो गुदमरतो. म्हणून झांकणाची कांचपेटी, ओलसर वाळूचा जाड थर, आणि गोड्या व खाऱ्या पाण्याचीं दोन पात्रें हवींत. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं काढावें. वाढतांना तो वाळूंत स्वतःस पुरून घेऊन कित्येक आठवडे कात टाकीत असतो. मेला समजून उकरूं नये. वाढत्या देहासाठीं मोठे रिकामे शंखही ठेवावे.

नीट जपल्यास तो अनेक वर्षें जगतो. मात्र बंदिवासांत त्याची वीण क्वचितच होते. बाजारांतील बहुतेक खेकडे किनाऱ्यावरून धरून आणलेले असतात. जपाननें १९७० सालीं त्यास नैसर्गिक स्मारक ठरवून संरक्षण दिलें. ज्यास घरांत समुद्रकांठ उभा करतां येत नाहीं, त्यानें त्यास किनाऱ्यावरच पाहावें, हेंच खरें आतिथ्य.