हार्डनॉटचा रोमन किल्ला : रिकामी जागा काय सांगते?

आज आपण डोंगरातल्या एका रोमन लष्करी ठाण्याची ओळख करून घेऊ.

कुठे आणि कशासाठी?
इंग्लंडच्या वायव्येला कंब्रिया हा डोंगराळ भाग आहे. तिथल्या हार्डनॉट घाटात, सुमारे ८०० फूट उंचीवर, हे अवशेष आहेत. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२० ते १३८ च्या दरम्यान, हा किल्ला बांधला गेला. रेव्हनग्लासच्या किनाऱ्यावरून अँबलसाइडकडे जाणारा रोमन रस्ता इथूनच जायचा. त्यावर नजर ठेवणं हे या ठाण्याचं काम होतं.

आज काय दिसतं?
किल्ला जवळजवळ चौरस, कोपरे गोलसर. चार बाजूंना चार दरवाजे. आत मुख्य कचेरी, सेनाधिकाऱ्याचं घर आणि धान्याचं कोठार यांचे दगडी पाये दिसतात. बाहेर स्नानगृह आहे. तटाच्या भिंतीत पाटीच्या दगडाचा एक थर दिसतो. त्याच्या खालची भिंत मूळची. वरची, पडलेले दगड विसाव्या शतकात पुन्हा रचून उभारलेली. जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे पाहणाऱ्याला लगेच कळतं.

मग सैनिक कुठे राहायचे?
आता नीट लक्ष द्या. किल्ल्यातला बराच भाग आज नुसतं गवत आहे. म्हणजे तिथे काहीच नव्हतं का? उलट, सगळ्यात जास्त माणसं तिथेच राहायची! त्यांच्या बराकी लाकडी होत्या. लाकूड कुजलं, दगड उरला. त्यामुळे साहेबाचं घर दिसतं, शिपायाचं दिसत नाही.

पण शिपाई अगदीच पुसले गेले नाहीत. इथे सापडलेल्या एका फुटक्या शिलालेखावरून कळतं, की ही डाल्मेशियन सैनिकांची चौथी तुकडी होती. डाल्मेशिया म्हणजे आजच्या क्रोएशियाकडचा समुद्रकिनारा. तिथली उबदार हवा कुठे आणि हा पावसाळी, वाऱ्याचा घाट कुठे! जवळच डोंगरउतार सपाट करून केलेलं कवायतीचं मैदान आहे. तेही अजून ओळखू येतं.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कुठलाही किल्ला बघायला गेलात, की वाड्याचे चौथरे बघून लगेच परत फिरू नका. रिकाम्या जागेपाशी जरा थांबा आणि विचारा, 'इथे कोण राहत असेल?' इतिहासाचा अभ्यास या प्रश्नापासूनच सुरू होतो.