एसटीत सवलत मिळाली, स्वच्छतागृहाचं काय?

सार्वजनिक स्वच्छतागृहांचा विषय निघाला की मुंबई-पुण्याची नावं येतात. खेड्यात काय, मोकळं रान आहे, असं सहज बोललं जातं. अंबड तालुक्यातलं वडीगोद्री पाहिलं की हा समज टिकत नाही. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग गावाजवळून जातो आणि जालना-अंबडकडून येणारा रस्ता इथेच त्याला मिळतो. बीड, गेवराई, पाचोड, छत्रपती संभाजीनगर अशा कुठल्याही बाजूला जाणारा माणूस इथे उतरतो, गाडी बदलतो, वाट बघत थांबतो. अंकुशनगरचा साखर कारखाना याच पट्ट्यात, त्यामुळे हंगामात ऊसतोड टोळ्यांची ये-जा. जून 2024 मध्ये ओबीसी आरक्षणासाठी इथे उपोषण झालं, तेव्हा दूरदूरची माणसं आली. वस्ती खेड्याची असली तरी वर्दळ शहराची आहे. मोकळं रान म्हणाल, तर महामार्गाच्या कडेला बाईमाणसाला आडोसा कुठे मिळतो? आणि गुडघे धरलेल्या म्हातारीने बांध ओलांडून जायचं कसं?

गाव हागणदारीमुक्त जाहीर झालं म्हणजे प्रश्न मिटला, हाही असाच समज. 2014 साली स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, त्याचा खेड्यांतला मुख्य भर घरोघरच्या शौचालयांवर होता. फाट्यावर तासभर गाडीची वाट पाहणारी परगावची बाई त्या हिशेबात बसत नाही.

सरकारने माणसांना प्रवासाला बाहेर काढलं, ही चांगलीच गोष्ट झाली. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत आहे, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि दिव्यांगांना 75 टक्के सवलत आधीपासूनच आहे. वाटेत स्वच्छतागृहाची सर्वांत जास्त गरज याच तिघांना पडते. दिव्यांगत्वाच्या तपासणीसाठी वडीगोद्रीहून जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर एका बाजूचं अंतर पन्नासेक किलोमीटर. जायला, रांगेत थांबायला आणि परतायला अख्खा दिवस जातो. तिकिटाची सोय झाली, शरीरधर्माची कुणी केली?

‘बायकांना सवय असते, त्या लघवी धरून ठेवतात,’ असंही म्हटलं जातं. धरून ठेवणं ही सवय नसून नाइलाज आहे, आणि त्याची किंमत शरीर मोजतं. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, पुरुषाच्या मानाने फारच आखूड. म्हणून जंतुसंसर्ग लवकर होतो. जावं लागू नये म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे किती घातक आहे, ते वेगळं सांगायला नको. गरोदर बाई, पाळी आलेली मुलगी, मधुमेहाची रुग्ण यांना तर थांबणं शक्यच नसतं.

सर्वांत जास्त नुकसान ज्या समजाने केलं तो असा: ‘कमोड बसवला की दिव्यांगांची सोय झाली.’ व्हीलचेअरवरचा माणूस दारापर्यंत पोचतो कसा, इथून सुरुवात करा. रॅम्पचा चढ एकास बारा हवा. ओटा एक फूट उंच असेल तर रॅम्प बारा फूट लांब. प्रत्यक्षात तीन-चार फुटांत सिमेंटची घसरगुंडी करून दिलेली असते. तिच्यावर खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरताना ती उलटण्याची भीती. दार 90 सेंटीमीटर रुंद हवं, बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणारं असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही, आणि आतला माणूस पडला तर दार त्याच्याच अंगावर अडतं. खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. कमोडची बैठक 45 ते 48 सेंटीमीटर उंच असली, तर खुर्चीवरून सरकून बसता येतं. आधाराचा दांडा अंगाचा भार पेलणारा हवा; टॉवेल अडकवायची दांडी तिथे कामाची नाही. नळ आणि कडी बसल्या जागेवरून हाताला लागली पाहिजे. यातलं एक चुकलं तरी बाकीचा खर्च पाण्यात जातो. आणि कित्येक ठिकाणी सगळं बांधूनही दाराला कुलूप असतं, आत झाडू आणि फिनेलचे डबे. किल्ली कुणाकडे आहे हे विचारत फिरताना माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वर ऐकवलं जातं, ‘इथे दिव्यांग येतातच किती?’ 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. ते दिसत नाहीत, कारण बाहेर पडणंच त्यांना अशक्य करून ठेवलं आहे. शिवाय तोच दांडा आणि तोच रॅम्प पाय मोडलेल्या तरुणाला, कडेवर लेकरू असलेल्या आईलाही लागतो.

अशी सोय करणं ही मेहेरबानीही नव्हे. ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या नावाने झालेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये महिलांसाठी स्वच्छतागृहं बांधण्याचे आदेश राज्यातल्या महापालिकांना दिले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगमतेचे किमान निकष सक्तीचे हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत.

स्वच्छतागृहासाठी बायकांनी पाच रुपये दिले तर काय एवढं, असं विचारणाऱ्यांनी मुंबईतली ‘राइट टू पी’ चळवळ आठवावी. 2011 साली ती उभी राहिली, कारण एकाच ठिकाणी लघवीसाठी पुरुष फुकट जात होते आणि बायका पैसे मोजत होत्या.

उरला निधी. ग्रामपंचायतीकडे पैसा नसतो, हे अर्धंच खरं. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 30 टक्के वाटा स्वच्छतेसाठी बांधून दिला. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक संकुलाला तीन लाखांपर्यंतची तरतूद होती. स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा, हा राज्याचा नियमही आहे. बांधकामाला पैसा मिळतो; रोजचं पाणी आणि सफाई कामगाराचा पगार यांची तरतूद मात्र कुणी करत नाही, आणि मग ‘लोकच घाण करतात’ म्हणून कुलूप लागतं.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. तिथे लेखी मागणी करा: फाट्यावर स्वच्छतागृह, त्याला पाणी, त्याला पगारी माणूस. आणि ठेकेदाराचं बिल निघण्याआधी गावातल्या एखाद्या दिव्यांग व्यक्तीने ते स्वतः वापरून पाहावं, हे ठरावातच लिहून घ्या.