जव्हारचे शेवटचे संस्थानिक आणि डहाणूचा मुलूख

संस्थानिकांचा विषय निघाला की पतियाळा, कपूरथळा अशी पंजाबातील शीख संस्थाने आधी आठवतात. पण आजच्या पालघर जिल्ह्यातही जव्हार हे एक सलामी संस्थान, म्हणजे ज्याच्या राजाला ब्रिटिश सरकार तोफांची मानवंदना देई असे राज्य, 1948 पर्यंत नांदत होते. पतियाळाला 17 तोफांचा मान होता आणि त्याचा विस्तार पाच हजार चौरस मैलांहून अधिक होता. जव्हारला 9 तोफांचा मान होता, क्षेत्र सुमारे 310 चौरस मैल आणि 1901 च्या खानेसुमारीत लोकसंख्या 47,538 होती. मात्र जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळी या आदिवासी जमातीचे होते आणि त्याची परंपरा मूळ पुरुष जयबा मुकणे यांच्यापर्यंत, तसेच दिल्लीच्या सुलतानाने 1343 मध्ये मान्य केल्याचे सांगितल्या जाणाऱ्या ‘निमशाह’ या किताबापर्यंत मागे जाते. आदिवासी राजघराण्याचे सलामी संस्थान म्हणून जव्हारचे हे वेगळेपण इतिहासलेखनात जितके ठळकपणे यायला हवे होते तितके आलेले नाही.

डहाणू आणि तलासरीचा मुलूख त्या काळी थेट इंग्रजी अमलाखालच्या ठाणे जिल्ह्यात मोडत असे. परंतु दीर्घकाळ ठाण्याचा कलेक्टर हाच जव्हारचा पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानावर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी, असल्यामुळे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना अखेरचा शब्द एकाच कचेरीचा होता. 1933 मध्ये जव्हार गुजरातमधील संस्थानांच्या एजन्सीकडे गेले तेव्हा ही व्यवस्था बदलली. देवीच्या बाबतीत मात्र ती सरहद्द कधीच आडवी आली नाही. डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथील महालक्ष्मी ही जव्हारच्या राजघराण्याची कुलदेवता. चैत्र पौर्णिमेच्या रात्री वाघाडीचा पुजारी या घराण्याकडून आलेला ध्वज घेऊन अवघड सुळका चढतो आणि माथ्यावर निशाण लावतो. खाली जत्रेत वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया अशी सारी माणसे जमलेली असतात.

शेवटचे राजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे यांचा जन्म 11 डिसेंबर 1917 रोजी झाला. वडिलांच्या निधनामुळे 1927 मध्ये, वयाची दहा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, गादी त्यांच्याकडे आली आणि अज्ञान राजाच्या नावाने इतरांनी कारभार पाहावा अशा व्यवस्थेखाली दहा वर्षे गेल्यावर 1938 मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. जव्हारच्या टेकडीवरचा जयविलास राजवाडा त्यांच्याच कारकिर्दीची खूण असून, डोंगरी पाषाणाच्या त्या देखण्या इमारतीकडे पाहताना मोजक्या उत्पन्नाच्या या राज्याचा आवाका विसरायला होतो.

याच वर्षांत डहाणू-तलासरीच्या रानात वेगळा इतिहास घडत होता. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढणाऱ्याने ते फिटेपर्यंत, आणि ते बहुधा कधीच फिटत नसे, बायकोसह त्याच्या घरी राबायचे, या प्रथेला ‘लग्नगडी’ म्हणत. मोबदल्याशिवाय राबवून घेण्याला ‘वेठ’. मे 1945 मध्ये आताच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठ नाकारली. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचे प्राण गेले. जव्हारच्या रानातली माणसेही वारली, कोकणा, ठाकूर, कातकरीच होती. तेव्हा राजवाड्याचा इतिहास झरीच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचल्याखेरीज त्या राज्याचे खरे माप कळणार नाही.

1948 मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग झाले. गादी गेल्यावर यशवंतराव निवडणुकीच्या मार्गाने पुन्हा लोकांसमोर आले. काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते 1962 मध्ये भिवंडीतून आणि 1967 मध्ये आदिवासींसाठी राखीव असलेल्या डहाणू मतदारसंघातून लोकसभेवर गेले. ज्या मुलुखाच्या बऱ्याच भागावर त्यांच्या दरबाराचा अंमल नव्हता, तेथील मतदारांनी त्यांना दिल्लीला पाठवले. पुढे 1977 मध्ये याच मतदारसंघातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम, तलासरीच्या लाल बावट्याच्या, म्हणजे किसान सभेच्या, चळवळीत वाढलेले कार्यकर्ते, निवडून आले. त्यानंतरच्या वर्षी, जून 1978 मध्ये, यशवंतरावांचे निधन झाले.