वन कट ऑफ द डेड

वन कट ऑफ द डेड (मूळ जपानी शीर्षक: कामेरा ओ तोमेरु ना!; अर्थ: कॅमेरा थांबवू नका!) हा २०१७ साली प्रथम दाखवला गेलेला जपानी विनोदी भयपट आहे. त्याचे लेखन, दिग्दर्शन आणि संकलन शिनइचिरो उएदा यांनी केले असून, एकट्याने दिग्दर्शित केलेला हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. ९६ मिनिटांच्या या चित्रपटाचा निर्मितिखर्च सुमारे ३० लाख येन होता. २०१८ मधील प्रदर्शनानंतर जपानमध्ये त्याने ३ अब्ज येनपेक्षा अधिक, म्हणजे खर्चाच्या सुमारे हजारपट, उत्पन्न मिळवले. पहिली ३७ मिनिटे एकाही कटाविना चित्रित केलेली असणे हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध वैशिष्ट्य आहे.

कथानक

चित्रपटाचे तीन भाग पडतात. पहिल्या भागात एका ओसाड जलशुद्धीकरण केंद्रात एक पथक झॉम्बीपटाचे चित्रण करत असते. नायिकेच्या अभिनयावर असमाधानी असलेला दिग्दर्शक तिच्यावर सतत खेकसतो. अशात खरोखरच्या झॉम्बींचा हल्ला होतो, तरी तो चित्रण थांबवायला तयार होत नाही. या भागात अनेक गोष्टी खटकतात. पात्रे संकटाच्या ऐन क्षणी छंदांविषयी निरर्थक गप्पा मारतात, ध्वनिमुद्रक विनाकारण बाहेर धाव घेतो आणि कॅमेरा काही काळ जमिनीवर नुसता पडून राहतो. शेवटी छतावर रक्ताने काढलेल्या चिन्हात उभी असलेली नायिका उंचावरून दिसते आणि श्रेयनामावली सुरू होते.

दुसरा भाग एक महिना मागे जातो. हिगुराशी (ताकायुकी हामात्सु) हा स्वस्तात आणि झटपट काम उरकणारा, कोणालाही न दुखावणारा दिग्दर्शक आहे. नव्याने सुरू होणारी एक झॉम्बी वाहिनी त्याच्यापुढे एक प्रस्ताव ठेवते: अर्ध्या तासाचे, एकाच सलग दृश्याचे झॉम्बीनाट्य थेट प्रक्षेपित करायचे. त्याची पत्नी हारुमी (हारुमी शुहामा) ही भूमिकेतून बाहेरच पडता येत नसल्याने अभिनय सोडलेली नटी आहे. मुलगी माओ (माओ) हिला दिग्दर्शक व्हायचे असते. पण बालकलाकाराच्या डोळ्यांत खरेच अश्रू हवेत, हा तिचा हट्ट तिला नोकरीला मुकवतो.

तिसऱ्या भागात त्याच थेट प्रक्षेपणाची पडद्यामागील बाजू दिसते. दोन कलाकार अपघातामुळे पोहोचू शकत नाहीत, म्हणून हिगुराशी आणि हारुमी यांना ऐनवेळी त्यांच्या जागी उभे राहावे लागते. एक नट दारू पिऊन तर्र झालेला असतो, ध्वनिमुद्रकाची भूमिका करणाऱ्याचे पोट बिघडते आणि कॅमेरामनची पाठ धरते. अखेरच्या दृश्यासाठी आणलेली क्रेनही मोडते आणि निर्माते ते दृश्य गाळायला सांगतात. मुलीला खांद्यावर घेतल्याचे एक जुने छायाचित्र हिगुराशीच्या पटकथेला चिकटवलेले असते. ते माओच्या हाती लागते आणि त्यातून तिला उपाय सुचतो. पथकातील सगळे मिळून मानवी मनोरा रचतात आणि वडिलांच्या खांद्यावर चढून माओ कॅमेरा धरते.

रचना

पहिल्या भागातील प्रत्येक दोषाचे कारण तिसऱ्या भागात उलगडते. लांबलेला संवाद म्हणजे पुढचा नट हजर होईपर्यंत काढलेला वेळ असतो आणि जमिनीवर पडलेला कॅमेरा म्हणजे कोसळलेला कॅमेरामन. प्रेक्षकाने आधी निष्काळजीपणा समजून ज्याकडे दुर्लक्ष केले, तेच नंतर विनोदाचे आणि पथकाविषयीच्या आपुलकीचे कारण ठरते. शेवटच्या श्रेयनामावलीत प्रत्यक्ष चित्रपटाचे खरे तंत्रज्ञ धावपळ करताना दिसतात. त्यामुळे झॉम्बीनाट्य, ते करणारे काल्पनिक पथक आणि त्या पथकाचे चित्रण करणारे खरे पथक असे तीन स्तर तयार होतात. इंग्रजी शीर्षक हे कथेतील झॉम्बीनाट्याचेही नाव आहे.

निर्मिती

टोकियोतील एन्बू सेमिनार या अभिनय व चित्रपट प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या कार्यशाळा-प्रकल्पातून हा चित्रपट तयार झाला. निवडलेले कलाकार प्रेक्षकांना जवळजवळ अपरिचित होते. उएदा यांनी त्यांच्या स्वभावाला अनुसरून भूमिका लिहिल्या. छायालेखन ताकेशी सोने यांचे आहे. चित्रण आठ दिवसांत पूर्ण झाले. जलशुद्धीकरण केंद्रातील दृश्ये इबाराकी प्रांतातील मितो शहरात चित्रित झाली.

प्रदर्शन आणि प्रतिसाद

नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागातील के'ज सिनेमा या छोट्या चित्रपटगृहात त्याचे सहा दिवस खेळ झाले. एप्रिल २०१८ मध्ये इटलीतील उदिने येथील सुदूर पूर्व चित्रपट महोत्सवात त्याला प्रेक्षकांच्या पसंतीचे दुसरे पारितोषिक मिळाले. २३ जून २०१८ रोजी तो टोकियोतील अवघ्या दोन चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. कथानकातील कलाटणी उघड न करता पाहण्याची शिफारस प्रेक्षक एकमेकांना करू लागले. पुढे आस्मिक एस ही कंपनी वितरणात सहभागी झाली आणि चित्रपटगृहांची संख्या ३०० च्या वर गेली. ४२ व्या जपान अकादमी पुरस्कारांत संकलनाचा पुरस्कार उएदा यांना मिळाला.

श्रेयाचा वाद

चित्रपटाच्या कल्पनेचे मूळ पीस या नाट्यसंस्थेच्या 'घोस्ट इन द बॉक्स!' या नाटकात आहे. चित्रपट गाजल्यावर, ऑगस्ट २०१८ मध्ये, नाटकाचे दिग्दर्शक र्‍योइची वादा यांनी मूळ कृतीचे श्रेय मिळावे अशी जाहीर मागणी केली. निर्मिती संस्थेने स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचे नाकारले. २०१९ मध्ये उभय पक्षांत समझोता होऊन वादा आणि उएदा यांना मूळ कृतीचे संयुक्त श्रेय देण्याचे ठरले.

पुढील आवृत्त्या

२०२० च्या साथीच्या काळात मूळ कलाकारांनी एकमेकांना प्रत्यक्ष न भेटता, आपापल्या घरून चित्रण करून एक लघुपट तयार केला आणि तो यूट्यूबवर विनामूल्य उपलब्ध करून दिला. फ्रेंच दिग्दर्शक मिशेल अझानाविस्युस यांनी केलेली 'कुपे!' ही पुनर्निर्मिती मे २०२२ मध्ये कान चित्रपट महोत्सवाचा उद्घाटनाचा चित्रपट ठरली. तिचे आधीचे शीर्षक रोमन लिपीतील झेड या अक्षरावर आधारित होते. युक्रेनवरील आक्रमणानंतर ते अक्षर रशियन सैन्याचे चिन्ह म्हणून ओळखले जाऊ लागल्याने शीर्षक बदलण्यात आले. मूळ चित्रपटात वाहिनीच्या निर्मातीची भूमिका करणाऱ्या योशिको ताकेहारा फ्रेंच आवृत्तीतही त्याच भूमिकेत आहेत.